न जाणणारे खेळणे : अपत्यशोकाच्या कवितेतील एक प्रश्न

दिवंगत बालकाची आठवण म्हणून जपलेले खेळणे ही वस्तू आपल्या समीक्षेने फारशी गंभीरपणे घेतलेली नाही. ते कवितेत किंवा कथेत आले की वाचक हेलावतो, आणि हा परिणाम इतका हमखास असतो की लेखकाने काही कमावले आहे असे समीक्षकाला वाटत नाही. भावविवशतेचा हा आक्षेप निराधार नाही. मात्र तो अर्ध्या वाटेवर थांबतो. खेळण्याने वाचक हेलावतो हे सांगून होते, पण ते रचनेत नेमके कोणते कार्य करते, हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला की दुसराही उपस्थित होतो. अपत्यशोकाच्या मराठी कवितांत जिचे नाव बहुधा प्रथम घेतले जाईल, ती गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता अशा वस्तूचा आधार घेत नाही. ती त्याशिवाय उभी कशी राहते?

आपल्या रसविचाराची परिभाषा येथे प्रथम उपयोगी पडते. करुणात जो गेला तो आलंबनविभाव, आणि त्याच्या संबंधातील वस्तू, स्थळे, आठवणी हे उद्दीपनविभाव. या विभागणीनुसार खेळणे उद्दीपनाच्या कोटीत जाते. परंतु स्मृतिचिन्ह झालेल्या खेळण्याबाबत ही व्यवस्था अपुरी पडते. जपलेली वस्तू शोक चेतवते एवढेच नव्हे, तर ज्याच्यासाठी शोक करायचा त्याची जागाही घेऊ लागते. तिच्यावरची धूळ पुसली जाते, तिची जागा बदलू दिली जात नाही, दुसऱ्या मुलाने ती मागितली तर घरात अवघडलेपण येते. म्हणजे उद्दीपनच आलंबनाच्या स्थानी सरकते. हे स्थलांतर कविता कसे हाताळते यावर तिची किंमत ठरते.

या प्रकारची जगप्रसिद्ध कविता म्हणजे अमेरिकन कवी यूजीन फील्ड (१८५०–१८९५) याची १८८८ मधील 'लिटल बॉय ब्ल्यू'. धुळीने माखलेला खेळण्यातला कुत्रा आणि गंज चढलेला शिपाई जागच्या जागी उभे आहेत. आपण येईपर्यंत हलू नका, असे त्यांना सांगून मूल झोपी गेले, ते उठलेच नाही. वर्षे लोटली तरी ती दोघे वाट पाहत आहेत, आणि मुलाचे काय झाले असावे याचे नवल करीत आहेत. सामान्य वाचनात या खेळण्यांच्या एकनिष्ठेवर भर दिला जातो. माझ्या मते कवितेचे बळ त्यांच्या अज्ञानात आहे. मूल गेले हे वाचकाला ठाऊक आहे, खेळण्यांना नाही. या अंतरात शोक निर्माण होतो. खेळणे येथे मृत्यू *जाणत नाही*, हेच त्याचे मुख्य कार्य.

हा मुद्दा ध्यानात घेऊन 'राजहंस माझा निजला'कडे पाहिले की तेथील रचनेचे रहस्य उलगडते. राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी गोविंदाग्रज या नावाने लिहिलेल्या, 'वाग्वैजयंती'त समाविष्ट असलेल्या या कवितेत बोलणारी स्त्री विधवा आई आहे. तिच्या मांडीवरील मूल गेले आहे. ते निजले आहे असे ती सांगते आणि भोवतालच्या माणसांनी आवाज करू नये म्हणून विनवते. तिच्या उद्गारांत शोक नाही. आहे ते वात्सल्य, मुलाची झोप मोडू नये ही काळजी. शोक निर्माण होतो तो जमलेल्या माणसांच्या आणि वाचकाच्या ठायी. फील्डच्या कवितेत न जाणण्याचे जे काम खेळणी करतात, ते येथे प्रत्यक्ष आई करते. खेळण्याची जागा या कवितेत रिकामी नाही. ती आधीच भरलेली आहे.

यातून एक मूल्यात्मक भेदही निघतो. खेळण्यांच्या अज्ञानाला काही किंमत मोजावी लागत नाही. ती निर्जीव आहेत. त्यांचे वाट पाहणे अनंतकाळ चालू शकते, म्हणूनच त्यात एक दिलासा आहे. फील्डच्या कवितेत आईबापही दिसत नाहीत. त्यांचे दुःख वस्तूंकडे सोपवून कवी मोकळा होतो. गडकऱ्यांच्या आईचे अज्ञान मात्र टिकणारे नाही. माणसे समोर उभी आहेत, ती मूल नेणारच. म्हणून ही कविता दिलासा देऊ शकत नाही. खेळणे स्मृतिचिन्ह होण्यासाठी मूल गेले हे आधी मान्य व्हावे लागते. ही आई त्या मान्यतेच्या अलीकडे उभी आहे.

फ्रॉइडच्या १९२० मधील 'सुखतत्त्वाच्या पलीकडे' या ग्रंथातील प्रसिद्ध निरीक्षण येथे आठवते. त्याचा लहान नातू दोरी बांधलेले रीळ दूर फेकी आणि पुन्हा ओढून घेई. आईचे जाणे-येणे तो खेळातून आपल्या हाती घेत होता, असे फ्रॉइडने म्हटले. त्याच वर्षाच्या आरंभी मुलाची आई, म्हणजे फ्रॉइडची कन्या सोफी, वारली होती. स्मृतिचिन्ह झालेले खेळणे हा खेळ उलटा करते. येथे मूल गेलेले असते आणि वस्तू पालकाच्या हाती असते. पण दोरी ओढून परत काही येत नाही.

मराठी लोकजीवनाने या स्मृतीसाठी वेगळीच सोय केली होती. पाठोपाठ मुले दगावलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरबा, उकिरडा, भिकू असे ठेवले जाई. हे मूल टाकाऊ आहे, नेण्याजोगे नाही, अशी मृत्यूची समजूत करून देण्याचा तो प्रयत्न. म्हणजे येथे न जाणण्याची भूमिका थेट मृत्यूवरच लादली आहे. मी राहतो त्या पुंडलिकनगरात मराठवाड्याच्या गावांतून आलेल्या जुन्या पिढीत अशी नावे अजून कानी पडतात. आधीच्या भावंडांची आठवण कपाटात न राहता जिवंत माणसाच्या हाकेत राहिली. तिचा भार मात्र त्या माणसाने आयुष्यभर वाहिला, हेही विसरता येत नाही.

यावरून आपल्या परंपरेत वस्तूला स्थानच नव्हते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आमच्या शहरापासून फार दूर नसलेल्या नेवासे येथे, तसेच इनामगावला, ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत लहान मुलांना दोन रांजण तोंडाशी तोंड जोडून घराच्या जमिनीखाली पुरलेले आढळले. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. उत्खननातून भावना वाचता येत नाहीत. मात्र मूल घराबाहेर घालवले नाही आणि त्याच्यासोबत वस्तू दिली, एवढे निश्चित म्हणता येते. फरक इतकाच की ती वस्तू मुलाबरोबर गेली, मागे राहिली नाही.

तेव्हा अपत्यशोकाच्या साहित्यकृतीत खेळणे आले म्हणजे ती भावविवश, आणि न आले म्हणजे संयत, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. त्या कृतीत मृत्यू कोण जाणतो, कोण जाणत नाही आणि न जाणण्याची किंमत कोण मोजतो, हे तपासले पाहिजे. ही किंमत केवळ निर्जीव वस्तूवर टाकून माणसांना सोडवणारी कृती वाचकाला रडवील, पण त्याला काही सोसायला लावणार नाही. अपत्यशोकाच्या कवितेची खरी कसोटी या सोसण्यात आहे.