कोल्हा शब्दांत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी एक इंग्रजी पुस्तक घेऊन गेलो होतो. पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. पुस्तकभर मिळून शब्द ३२. कोंबडी फिरायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी असं करत जेवायच्या वेळेला घरी येते. बस्स. मी वऱ्हाडीत तेवढंच सांगत होतो. दोन-तीन पानं झाली आणि दुसरीतलं एक पोट्टं उठून उभं राहिलं, "सर, कोल्हा मांगं येऊन राह्यला न तिच्या!"

मी म्हटलं, इथं तर कोल्हा लिहिलेला नाही. मग सगळा वर्गच उठला.

कोल्हा जवळजवळ प्रत्येक चित्रात आहे. दाताळ्यावर पाय पडून त्याचा दांडा थोबाडावर घेतो, तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. शब्दांत मात्र त्याचं नाव एकदाही येत नाही. ज्यांना अजून अक्षरं जुळवता येत नव्हती ती पोरं मला, वाचणाऱ्याला, गोष्ट सांगत होती.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतला फरक तो हा. सचित्र पुस्तकातलं चित्र शब्दांनी सांगितलेलंच पुन्हा दाखवतं. चित्रपुस्तकातलं चित्र शब्दांनी न सांगितलेलं सांगतं, आणि मधली फट मुलाने भरायची असते. कल्पनाशक्ती म्हणतात ती त्या फटीत काम करते. परी, राक्षस आणि बोलणारी झाडं घातल्याने ती आपोआप जागी होत नाही. मराठीत आपण दोन्हीला एकच नाव देतो आणि बहुतेक वेळा पहिलंच छापतो. हीच गोष्ट आपल्याकडे लिहिली गेली असती तर पहिल्याच ओळीत 'एक लबाड कोल्हा' हजर झाला असता, आणि शेवटी कोंबडीने सावध राहायला हवं होतं हे तात्पर्य!

मराठीत चित्रकारांची वाण कधीच नव्हती. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक विकत घेत. पण मुलांच्या पुस्तकात चित्र आलं ते पाहुण्यासारखं, मजकुराच्या पंगतीत कडेला बसून. चित्रांची चैन पहिल्यांदा परवडू लागली ती मॉस्कोहून स्वस्तात येणाऱ्या पुस्तकांमुळे. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी ती मराठीत आणली. सोव्हिएत संघाबरोबर तीही संपली. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने पुलक बिस्वास, मिकी पटेल यांची चित्रं अनेक भाषांत पोहोचवली, हे ऋण मानायला हवं.

मग माधुरी पुरंदरे. लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असला की काय होतं, हे मराठीत पाहायचं तर ज्योत्स्ना प्रकाशनाची त्यांची पुस्तकं उघडावीत. 'यश', 'राधाचं घर', आणि विशेषतः 'चित्रवाचन'. यातली पानं गजबजलेली आहेत. कोण काय करतंय, का करतंय, आधी काय झालं असेल, हे मुलाने बोलायचं. 'बाबांच्या मिश्या'मध्ये तर एका साध्या मिशीवर अख्खं पुस्तक उभं आहे. २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६चा बिग लिटल बुक पुरस्कार हे त्या कामाला मिळाले. त्यांच्यानंतर आलेल्या बऱ्याच जणांनी त्यांची सोपी वाक्यं उचलली, घर-आजी-शाळा हे विषय उचलले, पाहण्याची रीत मात्र तिथंच राहिली. त्यामुळे आज छापली जाणारी कितीतरी पुस्तकं गोड आहेत, गुळगुळीत कागदावर आहेत, आणि एकदा वाचून झाली की त्यांत शोधायला काही उरत नाही.

दोष चित्रकारांचा म्हणवत नाही. अनेकदा त्यांच्या हाती पुरी झालेली संहिता येते. मजकुरातला शब्दही हलवायचा नसतो. मग कोपऱ्यात पांढरी चौकट सोडून चित्र काढायचं आणि चौकटीत परिच्छेद ओतायचा. याउलट मॉरिस सेंडॅकचं १९६३चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' पाहा. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती भरपूर कोरा कागद. शिक्षा म्हणून खोलीत पाठवलेल्या मॅक्सच्या भोवती जंगल उगवायला लागतं तसं चित्र पसरतं, शब्दांची जागा खात जातं. मधली तीन जोडपानं तर शब्दांशिवायच आहेत. पोरगं घरी परततं तसं चित्र आटतं. शेवटच्या पानावर फक्त शब्द. मुलाचं मन किती लांब गेलं हे इथं चित्राचा आकारच सांगतो. हे लेखक, चित्रकार आणि मांडणी करणारा एका टेबलाशी बसल्याशिवाय होत नाही. सेंडॅकचं लिहिणं आणि काढणं तर एकाच हातचं.

यवतमाळात अशा पुस्तकांसाठी विषयांना तोटा नाही. २०१९च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला, गळ्यात रेडिओ कॉलर. तेलंगणाची हद्द शिवून, मराठवाड्यातून, नाले-शेतं-रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून वर्षाअखेर तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. चालला तो बहुतेक रात्री, गावांच्या नकळत. शब्दांत बाई पऱ्हाटीतला कापूस वेचतेय, आणि चित्रात दोन ओळींपलीकडे वाघाचे पट्टे. असं पुस्तक अजून माझ्या हाती पडलेलं नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या 'शकुंतला' रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडलं आणि १९९४ पर्यंत धावलं. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचा लाकडी नंदी ओढत दारोदार जातात. तो नंदी रात्री काय करत असेल, हे कुठल्याही पोराला विचारा.

मात्र स्थानिक म्हणजे काय, याचीही एक गंमत आहे. कोलाम किंवा गोंड गोष्ट छापायची म्हटली की पानाच्या कडेला वारली चित्रांची झालर लागते. वारली लोक राहतात पालघरकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. ही झालर पाहून पुण्याच्या ग्राहकाला समाधान मिळतं, पोडावरच्या मुलाला त्यात ओळखीचं काही दिसत नाही.

भाषेचा पेच याहून मोठा. घरात कोलामी किंवा गोंडी, या द्रविड कुळातल्या, बंजारा तांड्यावर गोरमाटी, आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठी. अशा मुलाला शब्दाआधी चित्र भेटलं तर ते आपल्या भाषेत बोलायला मोकळं होतं. म्हणजे विनाशब्द किंवा अगदी कमी शब्दांच्या पुस्तकांची गरज या जिल्ह्याला पुण्याहून जास्त आहे. प्रथम बुक्सचं २०१५पासूनचं स्टोरीवीव्हर फुकट आहे, त्यावर कुणालाही आपल्या भाषेत अनुवाद करता येतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकांचा साठा आहे. पण फोनच्या वीतभर पडद्यावर जोडपान दुभंगतं आणि पान उलटण्याआधीचा तो थांबलेला श्वासही जातो. छापील प्रत लागतेच, आणि ती शाळेच्या कुलूपबंद कपाटात असून चालत नाही. 'पोरं फाडतात' हे कारण मी तीन शाळांत ऐकलं. चित्रपुस्तक फाटणारच, पुढच्या वर्षी नवी प्रत घ्यायची तरतूद हवी.

मुलांसाठी पुस्तक निवडताना, मग ते घरच्या लेकराला असो की शाळेच्या खरेदीत, एवढं करा. एका पानावरच्या शब्दांवर तळहात ठेवून चित्र पाहा, मग चित्र झाकून शब्द वाचा. दोन्ही वेळा तेच कळलं, तर ते पुस्तक परत फळीवर ठेवा.