सामाजिक उत्तरदायित्व आणि आमचे संशोधक

वाणिज्य शाखेतील संशोधकांस अलीकडे ‘उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व’ हा विषय फार प्रिय झाला आहे. कारण उघड आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के लोककार्यास लावणे भाग पाडले, आणि आकडे अहवालांतून आयते मिळू लागले. परंतु आकडे जेथे आयते मिळतात तेथेच प्रश्न असतो, असे थोडेच आहे?

मुरगूडचेच पाहा. वेदगंगेकाठच्या या परिसरातील मोठा उद्योग म्हणजे जवळचाच हमिदवाड्याचा साखर कारखाना. तो सहकारी असल्यामुळे हे कलम त्यास लागू नाही. तेव्हा आमच्या संशोधकाच्या कोष्टकात त्याचे नावच यावयाचे नाही! वस्तुतः उत्तरदायित्वाची खरी कसोटी एकंदर साखरधंद्यातच लागते. उसाची किंमत १४ दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ती शेतकऱ्याच्या हाती केव्हा पडते? बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचे काय होते? सांडपाणी कोठे जाते? ही उत्तरे अहवालांत सापडत नाहीत; त्यांसाठी बांधावर जावे लागते.

ही दृष्टी कायद्याने दिलेली नव्हे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभारली, ती कोणत्या कलमान्वये? नफ्याचा अंश कोठे खर्चिला यापेक्षा नफा मिळविला कसा, हेच संशोधनाचे पहिले क्षेत्र होय, असे आमचे नम्र मत आहे.