यिर्मयाचे दोन पाठ

मृत समुद्राकाठच्या हस्तलिखितांनी जुन्या कराराचा पाठ अक्षरशः अबाधित राहिल्याचे सिद्ध केले, असे विधान आपल्या उपदेशांत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत वारंवार केले जाते. यशयाच्या मोठ्या गुंडाळीपुरते ते बऱ्याच अंशी मान्य करता येईल. यिर्मयाच्या बाबतीत ते टिकत नाही. वर्गात असे शिकलेला तरुण पुढे टीपांसह छापलेले शास्त्र उघडतो, तेव्हा त्याचा विश्वास शिक्षकावरूनच उडतो.

सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरातील यिर्मया मासोरा परंपरेच्या इब्री पाठापेक्षा सुमारे एक-सप्तमांशाने लहान आहे. परराष्ट्रांविषयीची भाकिते आपल्याकडे ४६ ते ५१ या अध्यायांत आहेत. ग्रीकमध्ये ती २५:१३ नंतर येतात. पूर्वी याचा दोष भाषांतरकारावर टाकून मोकळे होता येत असे. १९५२ साली कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या तुकड्यांनी ती सोय उरू दिली नाही. त्यांतील एका लहानशा इब्री तुकड्यात दहाव्या अध्यायातील मूर्तींवरचे कवन ग्रीकप्रमाणेच संक्षिप्त आहे. देवस्तुतीची ६ ते ८ व १० ही वचने त्यात नाहीत. त्याच गुहेत दीर्घ पाठाच्या प्रतीही निघाल्या. इमॅन्युएल टोव्ह दीर्घ पाठास ग्रंथाची विस्तारित दुसरी आवृत्ती मानतात, आणि ते मत ग्राह्य वाटते. यहोयाकीमाने जाळलेली गुंडाळी बारूखाने पुन्हा लिहिली व तीत भर पडली, हे छत्तिसावा अध्यायच सांगतो. त्यावरून आजच्या दोन पाठांची उत्पत्ती ठरत नाही. परंतु आवृत्तीची कल्पना या ग्रंथाला परकी नाही.

खरी अडचण ३३:१४-२६ येथे आहे. त्रैवार्षिक वाचनक्रमाच्या तिसऱ्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी यांतील पहिली तीन वचने वाचली जातात. दाविदाच्या अंकुराविषयीचा हा संपूर्ण उतारा ग्रीक पाठात नाही. संक्षिप्त पाठाचे इब्री तुकडे या अध्यायापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून निर्णय जपून करावा. तरी सलग तेरा वचने केवळ लेखनिकाच्या नजरचुकीने गळली असे म्हणणे कठीण आहे. २३:५-६ शी ताडून पाहिले असता कारण दिसू लागते. तेथे नीतिमत्तेचे नाव भावी राजाला आहे. येथे तेच यरुशलेमेला मिळते, आणि दाविदाबरोबर लेवीय याजकांनाही अभिवचन दिले जाते. सिंहासन रिकामे असता कोणी तरी जुन्या भाकिताचा असा अन्वय लावला असावा. मंडळीने तो शास्त्र म्हणून स्वीकारला आहे, तेव्हा वाचन वगळण्याचे कारण नाही. मात्र उपदेशकाने त्या रविवारी तेविसावा अध्यायही शेजारी ठेवून वाचावा आणि राजाचे नाव नगराला कसे मिळाले ते श्रोत्यांना उघड सांगावे.