‘तरीही पुढे जातो’ : एका मॅन्युअलची चिकित्सा

मंडळी, कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. वापरपुस्तिकेची कुणी करत नाही. आज एकीची करूया, कारण तिचा वाचक बदललाय.

बारामतीत हा विषय का? इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात एआय आणलं. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नडेलांनी त्याचा उल्लेख केला आणि बारामती जगभर गाजली. त्या प्रकल्पावर मी बोलणार नाही. पण त्यामुळे पार इंदापूरपर्यंतच्या पोरांच्या डोक्यात एक गोष्ट बसली, की उपग्रहातून आपला ऊस बघता येतो. येतोच. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एकरात साधारण ४० ठिपके. फरक एवढाच, की चित्र कापायची कमांड आता पोरगा लिहीत नाही. तो एजंटला सांगतो, ‘आमचा तालुका काढून दे’. एजंट पुस्तिका वाचतो, कमांड लिहितो आणि चालवूनही टाकतो.

ही कामं बहुतेक वेळा जीडॅल नावाच्या साधनावर येऊन ठेपतात. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये ते सुरू केलं, आणि आज नकाशाच्या जगात त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याची पुस्तिकाही वाईट नाही बरं का. नेमकी आहे, उदाहरणं आहेत, फाफटपसारा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ती जाणत्याला उद्देशून लिहिलीय, आणि जाणता जे मनात भरून घेतो ते तिनं लिहिलेलंच नाही.

उदाहरण घ्या. जीडॅल-वॉर्पला चौकट द्यायची तर आकड्यांचा क्रम डावी, खालची, उजवी, वरची बाजू. त्याच्याच भावाला, जीडॅल-ट्रान्सलेटला, डावी, वरची, उजवी, खालची. एकाच घरातले दोघे! पण ही चूक निदान पकडली जाते. वॉर्पचा क्रम ट्रान्सलेटला दिला तर चौकटीची उंची उणे येते आणि साधन थांबतं.

खरी भीती दुसऱ्या चुकीची. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, बारामती १८.१५, ७४.५८. वॉर्पला रेखांश आधी हवा. एजंटनं बोलीभाषेच्या क्रमानं आकडे दिले तर चौकट पडते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात. चौकट म्हणून ती निर्दोष आहे! साधन शंभर टक्के झालं असं छापतं आणि रिकामं चित्र हातात देतं. एनडीव्हीआयच्या चित्रात, म्हणजे हिरवाई मोजणाऱ्या चित्रात, ते शून्यांनी भरलं तर शून्य म्हणजे साधारण उघडी जमीन. उभा ऊस नांगरलेलं रान दिसतो. माणूस नकाशा बघून हसला असता. एजंटनं ‘यशस्वी’ हा शब्द वाचला आणि तो पुढच्या पायरीला गेला. त्या पायरीवर कुणाच्या पाण्याच्या पाळीचा सल्ला असेल तर?

ट्रान्सलेटचं तर बोलूच नका. चौकट चित्राच्या पूर्ण बाहेर पडली तर ते तसं सांगतं, आणि वर म्हणतं, ‘तरीही पुढे जातो’. अक्षरशः! थांबवायचं असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो पुस्तिकेत आहे, पण आपण तो का वापरावा हे तिथं कुणी समजावत नाही. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये दोषांसाठी स्वतंत्र मथळा होता. साधन कुठं फसतं हे लिहिणाऱ्यानंच सांगून टाकायचं, ही रीत जुनी आहे. आपण ती विसरलो.

मे २०२५ च्या ३.११ आवृत्तीत जीडॅलनं सुधारणा केल्या, त्याचं श्रेय द्यायला हवं. कापायची नवी कमांड चौकट बाहेर गेली तर नकार देते. बाहेर जायचं असेल तर मुद्दाम सांगावं लागतं. आधीच्या फाइलवर लिहायलाही परवानगी लागते. शिवाय मदतीचा मजकूर जेसनमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल असा मिळतो. यावर काही जण म्हणतात, झालं, प्रश्न मिटला.

मला पटत नाही. जेसननं कळतं की इथं दोन आकडे हवेत. पण त्या आकड्यांचा अर्थ सांगणारं वाक्य माणसानंच लिहिलेलं असतं, आणि ते जुन्याच सवयीचं आहे. ठिपक्याचा आकार द्यायच्या पर्यायापाशी लिहिलंय, की तो लक्ष्य प्रणालीच्या एककात द्या. चूक आहे? नाही. पुरेसं आहे? अजिबात नाही. तिथं लिहायला हवं : यूटीएम ४३ उत्तर असेल तर १० म्हणजे १० मीटर, अक्षांश-रेखांश असतील तर १० म्हणजे १० अंश. एवढी एक ओळ. कारण १० अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण ११०० किलोमीटर, आणि बारामती ते इंदापूर सरळ रेषेत ५० किलोमीटरसुद्धा नाही.

आता प्रश्न घेऊ.