९९ टक्के अचूकता, पण कशातून निवडून?

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “लिटरेचर रिव्ह्यूमध्ये टीका कशी करायची? छापून आलेल्या पेपरला आपण काय नावं ठेवणार?” आज एक उदाहरण घेऊ. विषय आहे रणगाडे आणि चिलखती वाहनं स्वतः ओळखून त्यांच्यावर हल्ला करणारी क्षेपणास्त्रं. या विषयावरच्या पेपरमध्ये ९९ टक्के अचूकतेचे दावे सर्रास दिसतात. त्यातला आकडा बहुतेक वेळा खरा असतो. मग टीका कशावर करायची?

आधी शब्द तपासा

“स्वतः लक्ष्य शोधणारं” हे शब्द बातम्यांमध्ये फार सैल वापरले जातात. आपल्या जवळचंच बघा. सप्टेंबर २०२० मध्ये अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डागलं गेलं आणि त्याने ३ किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं. ते पुण्याच्या एआरडीई या संस्थेने विकसित केलं होतं. पण ते लेझरच्या मागे जाणारं आहे. लक्ष्य माणूस ठरवतो. ‘नाग’ त्याच्या पुढचं, ‘डागा आणि विसरा’ प्रकारचं. तरी तिथेही डागण्याआधी लक्ष्य माणूसच निवडतो. क्षेपणास्त्र त्या लक्ष्याची उष्णतेची प्रतिमा धरून पाठलाग करतं. पाठलाग स्वतः करणं आणि निवड स्वतः करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निवड स्वतः करू शकणारं खरं उदाहरण म्हणजे ब्रिटनचं ‘ब्रिमस्टोन’. शीतयुद्धात सोव्हिएत रणगाड्यांचे तांडे थोपवण्याच्या विचारातून ते आलं आणि २००५ मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झालं. त्याला एक टापू ठरवून दिला की मिलिमीटर लहरींच्या रडारने ते तिथे चिलखती वाहन शोधतं. पण अफगाणिस्तानात सामान्य लोक आणि त्यांची वाहनं जवळच असायची. तिथे नेमका कशावर मारा होतोय हे वैमानिकाच्या हातात असणं गरजेचं ठरलं. म्हणून त्यात लेझरची सोय घालावी लागली आणि २००८ पासून ती सुधारित आवृत्ती वापरात आली. म्हणजे यंत्राला जमत असूनही निवड परत माणसाकडे आली. का आली, याचं उत्तर शोधायला आपण संशोधनाकडे वळू.

एमस्टार नावाचा डेटासेट

रडारच्या प्रतिमांवरून वाहन ओळखण्याच्या संशोधनात एक डेटासेट सतत भेटतो, एमस्टार. अमेरिकेत १९९० च्या दशकात मध्यावर गोळा केलेला. त्यातल्या नेहमीच्या प्रयोगात दहा वर्ग असतात. टी-७२, टी-६२, बीएमपी-२ अशी सोव्हिएत बनावटीची लष्करी वाहनं, आणि त्यांच्याच जोडीला एक ट्रक आणि एक डी-७ बुलडोझर. बहुतेक पेपर १७ अंशांच्या कोनातून घेतलेल्या प्रतिमांवर मॉडेल शिकवतात आणि १५ अंशांच्या प्रतिमांवर तपासतात. निकाल, ९९ टक्के.

आता इथे टीकेच्या तीन जागा आहेत.

पहिली, शिकवणं आणि तपासणं यात फरक फक्त दोन अंशांचा. वाहनं तीच, ऋतू बदललेला नाही, झाडाखाली किंवा जाळीखाली लपवलेलं काही नाही. गेल्या वर्षीच्याच पेपरातले प्रश्न थोडे आकडे बदलून आले तर मार्क पडणारच.

दुसरी, भोवतालची जमीन. एका वर्गाच्या प्रतिमा साधारण एकाच जागी घेतलेल्या. वाहन झाकून फक्त आजूबाजूची जमीन दाखवली, तरी मॉडेल बऱ्याचदा बरोबर वर्ग सांगतं, हे नंतर संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे मॉडेल टी-७२ ओळखतंय की त्याच्याखालची माती, हे त्या ९९ वरून कळत नाही.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. दहा वर्गांमध्ये “यातलं काहीच नाही” असा पर्यायच नसतो. अशा मॉडेलला उसाचा ट्रॅक्टर दाखवला तर ते त्याला दहापैकी एका खणात बसवणारच.

सास्तूरच्या रस्त्यावर गणित करून बघू

आमच्या सास्तूरकडे ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, जेसीबी, हार्वेस्टर, टँकर असं सगळं रस्त्यावर असतं. लोखंडी, जड, इंजिन तापलेलं. समजा एखाद्या टापूत १००० वाहनं आहेत आणि त्यात रणगाडे फक्त १०. ओळखणारी यंत्रणा खरा रणगाडा ९५ टक्के वेळा पकडते आणि इतर वाहनाला चुकून रणगाडा म्हणण्याचं प्रमाण २ टक्के आहे. पेपरमध्ये हे आकडे उत्तमच दिसतील.

पण हिशेब करा. १० पैकी साधारण ९ किंवा १० रणगाडे सापडले. उरलेल्या ९९० चे २ टक्के म्हणजे जवळजवळ २०. यंत्रणेने “रणगाडा” म्हटलेल्या दर तीन वाहनांपैकी दोन रणगाडे नाहीत. आणि त्या प्रत्येकात एक ड्रायव्हर बसलेला आहे.

आकडे मी मानलेले आहेत. मुद्दा असा, की पेपरमध्ये किती लक्ष्यं अचूक ओळखली याच्या जोडीला किती नको ती ओळखली आणि ती कशाच्या गर्दीतून, हे लिहिलेलं नसेल तर ९९ चा अर्थच लागत नाही.

परिस्थितीचंही तसंच. उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला तापलेल्या वाळूत तापलेला रणगाडा वेगळा काढणं अवघड जातं. म्हणून ‘नाग’च्या पोखरणला जुलै २०१९ मध्ये झालेल्या उन्हाळी चाचण्या महत्त्वाच्या. अवघड ऋतू मुद्दाम निवडणं, ही चांगल्या प्रयोगाची खूण.

वर्ग बरोबर, तरीही

समजा या सगळ्या त्रुटी दूर झाल्या आणि ओळख शंभर टक्के बरोबर आली. तरी एक प्रश्न उरतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली, तेव्हा मदतीला लष्कर आलं. ढिगारे उपसायला यंत्रं आली. ट्रक आणि बुलडोझर हे एमस्टारमधलेही दोन वर्ग. वाहनाचा प्रकार यंत्र सांगेल. ते वाहन लढतंय, जखमी नेतंय की शरण आलंय, हे त्या प्रकारात लिहिलेलं नसतं. युद्धाचे नियम मात्र नेमकं तेच विचारतात. इथे डेटा वाढवून भागत नाही, कारण मॉडेलला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

तेव्हा रिव्ह्यू लिहिताना “अचूकता कमी आहे” असं ढोबळ वाक्य टाकू नका. शिकवण्याचा आणि तपासण्याचा डेटा किती वेगळा होता, “यातलं काहीच नाही” हा पर्याय होता का, चुकीचे इशारे किती आले आणि मोजलेली गोष्ट प्रत्यक्ष निर्णयाला पुरते का, हे चार प्रश्न विचारा. एमस्टारचा खुला भाग डाउनलोड करता येतो. वाहन झाकून भोवतालच्या जमिनीवर मॉडेल चालवण्याचा प्रयोग साध्या लॅपटॉपवर होतो. सिनॉप्सिस लिहायच्या आधी तो एकदा करून बघा. गाईडसमोर बोलायला स्वतःचा आकडा हातात असेल.