मोठ्या आव्यूहाचा व्यस्त : फॉन नॉयमान व गोल्डस्टाइन यांच्या निबंधाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :
जॉन फॉन नॉयमान आणि हर्मन गोल्डस्टाइन यांचा उच्च कोटीच्या आव्यूहांच्या व्यस्तासंबंधीचा निबंध १९४७ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक संख्यात्मक विश्लेषणाचा आरंभ अनेक अभ्यासक या निबंधापासून मानतात. त्याचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निबंधाचे योगदान :
हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४३ मध्ये असे अनुमान मांडले होते की, गाऊसच्या लोप-पद्धतीत राऊंडिंगची त्रुटी कोटीनुसार चारच्या घातांच्या प्रमाणात वाढू शकते. ते खरे असते तर मोठ्या आव्यूहांसाठी ही पद्धती निरुपयोगी ठरली असती. फॉन नॉयमान व गोल्डस्टाइन यांनी ही भीती अतिरंजित असल्याचे दाखविले. प्रतिमान, निरीक्षणे, सांत आसन्नीकरण आणि राऊंडिंग असे त्रुटीचे चार उगम त्यांनी वेगळे केले. १५, ५० व १५० कोटीच्या आव्यूहांत सामान्यतः अनुक्रमे ८, १० व १२ दशांश अंकांची अचूकता गमवावी लागते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

मर्यादा :
त्यांचे मुख्य विश्लेषण धनात्मक निश्चित आव्यूहांपुरते आहे. सर्वसाधारण आव्यूह त्याच्या परिवर्ताने गुणून ते त्या वर्गात आणतात. परंतु त्यामुळे कंडिशन नंबरचा वर्ग होतो आणि अचूकतेची हानी सुमारे दुप्पट होते. १९६१ मध्ये जेम्स विल्किन्सन यांनी लोप-पद्धतीचे थेट विश्लेषण करून ही अडचण दूर केली.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. निबंधाने व्यस्तालाच साध्य मानले. प्रत्यक्षात बहुतेक वेळा समीकरणसंचाची उकलच हवी असते. त्यासाठी त्रिकोणी अवयवीकरणास सुमारे २न³/३ क्रिया पुरतात, तर व्यस्तास २न³ लागतात. शिवाय १००० कोटीच्या त्रिकर्णी आव्यूहात शून्येतर घटक फार तर २९९८ असतात. त्याच्या व्यस्तात मात्र ते १० लाखांपर्यंत जाऊ शकतात. तरीही लिओन्टिफ यांच्या आदान-प्रदान विश्लेषणात व्यस्ताच्या प्रत्येक घटकाला आर्थिक अर्थ असतो, हा अपवाद मान्य केला पाहिजे.

अध्यापनाशी संबंध :
पदवी वर्गात व्यस्त ॲडजॉइंटने शिकविला जातो. तीन कोटीपर्यंत ते योग्यच आहे. परंतु २० कोटीच्या निश्चयकाच्या विस्तारात सुमारे २.४ × १०¹⁸ पदे येतात. सेकंदाला १०० कोटी पदे मोजली तरी ७७ वर्षे लागतील. लोप-पद्धतीस सहा हजारांहून कमी क्रिया पुरतात. हिल्बर्टच्या १० कोटीच्या आव्यूहाचा कंडिशन नंबर सुमारे १.६ × १०¹³ आहे. सोळा अंकी गणनेत त्याच्या उत्तराचे तीनच अंक विश्वसनीय उरतात. निश्चयक शून्य नाही, एवढ्याने समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्याला हा धोका दिसत नाही.

निष्कर्ष :
या निबंधाची पद्धती मागे पडली, परंतु उत्तरासोबत त्याच्या विश्वासार्हतेचाही हिशेब द्यावा, हा त्याचा आग्रह टिकून आहे. अभ्यासक्रमाने सूत्राबरोबर हा आग्रहही स्वीकारणे आवश्यक आहे.