टर्नरचें व्हेनिस : एक जलरंगचित्र

इ. स. १८१९ त टर्नर व्हेनिसला प्रथम गेला. त्या भेटींतील ‘सान जोर्जो मज्जोरे : प्रातःकाळ’ हें जलरंगचित्र लंडनच्या टेट संग्रहांत आहे. शिल्पाचा तपशील शोधणारास त्यांत फारसें कांहीं सांपडत नाहीं. म्हणून तें अपुरें टांचण समजण्याचा मोह होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. हें ख्रिस्ती देवालय पूर्वेच्या बेटावर, दर्शनी बाजू पश्चिमेकडे. अर्थात् सकाळीं ती छायेंत असावयाची, आणि चित्रकारानें ती फिक्या निळ्या छटेनेंच घातली आहे. उजेडासाठीं कागदाचा शुभ्रपणाच पातळ रंगांतून येऊं दिला आहे. मिति नसलेल्या पत्राचा काळ मजकुरावरून ठरविणारांस ही साक्ष थोडी वाटूं नये. छापील प्रतींतील भडक निळ्यावरून मात्र कोणीं मत बनवूं नये.